प्रजासत्ताकातील गट आणि बहुमताची सत्ता : मॅडिसन यांचा दहावा निबंध व त्याच्या मर्यादा

सारांश

बहुमताने घेतलेला निर्णय न्याय्य असेलच असे नाही, ही प्रजासत्ताक शासनपद्धतीतील मूलभूत अडचण आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी १७८७ मध्ये या अडचणीवर ‘विस्तृत प्रजासत्ताक’ हा उपाय सुचविला. प्रस्तुत लेखात या युक्तिवादाची पार्श्वभूमी व मांडणी स्पष्ट केली असून तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे, याचा शोध घेतला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५५ मध्ये अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी वरवर पाहता नेमका उलट, म्हणजे लहान राज्यांचा उपाय सांगितला. या दोन विचारांच्या तुलनेतून ते गृहीतक अधिक स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : गट, बहुमत, विस्तृत प्रजासत्ताक, प्रातिनिधिक शासन, राजकीय बहुमत, जातीय बहुमत.

प्रस्तावना

लोकशाही म्हणजे बहुमताची सत्ता, ही व्याख्या आपल्याकडील अभ्यासक्रमांत इतकी रूढ झाली आहे की तिच्यातील अडचण विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. शंभरांपैकी एकावन्न जणांनी उरलेल्या एकोणपन्नासांची मालमत्ता काढून घेण्याचा ठराव संमत केला, तर तो ठराव लोकशाहीला धरून आहे की नाही? पद्धतीच्या दृष्टीने पाहिले तर तो निर्दोष ठरतो आणि न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर तो उघड जुलूम ठरतो. राजेशाहीत जुलमाविरुद्ध लोकांकडे दाद मागता येते. परंतु जुलूम करणारा बहुसंख्य लोकसमूहच असेल तर दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे जे विवेचन आधुनिक राज्यशास्त्रात सर्वाधिक अभ्यासले गेले, ते ‘द फेडरॅलिस्ट’ या लेखमालेतील दहाव्या निबंधात आढळते. २२ नोव्हेंबर १७८७ रोजी तो न्यूयॉर्कमधील एका दैनिकात ‘पब्लियस’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन व जॉन जे या तिघांनी मिळून लिहिलेल्या या मालेत एकूण ८५ निबंध आहेत. नव्या राज्यघटनेला न्यूयॉर्क राज्याची मान्यता मिळवून देणे हा तिचा तात्कालिक हेतू होता. दहावा निबंध मॅडिसन यांचा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात अमेरिकेतील तेरा राज्यांनी एक सैलसर राज्यसंघ स्थापन केला होता. त्याची नियमावली १७८१ मध्ये अमलात आली. या राज्यसंघाच्या मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता आणि नियमावलीत दुरुस्ती करण्यासाठी तेराही राज्यांची संमती आवश्यक होती. युद्धाच्या खर्चामुळे सर्वत्र कर्जाचा बोजा वाढला होता. मॅसॅच्युसेट्समध्ये जड करांमुळे व सावकारांच्या दाव्यांमुळे त्रस्त झालेल्या शेतकऱ्यांनी १७८६ मध्ये न्यायालयांची कामे बंद पाडली. डॅनियल शेज यांच्या नावाने ओळखला जाणारा हा उठाव १७८७ च्या प्रारंभी सैन्यबळाने मोडून काढण्यात आला.

तथापि, मॅडिसन यांना सशस्त्र उठावापेक्षा कायदेशीर मार्गाने होणारा अन्याय अधिक चिंताजनक वाटत होता. ऱ्होड आयलंड राज्यात १७८६ मध्ये कर्जदारांच्या बाजूचा पक्ष निवडून आला. त्याने मोठ्या प्रमाणावर कागदी चलन काढले आणि ते दर्शनी किमतीला स्वीकारण्यास नकार देणाऱ्यांना दंड ठरविला. अशा खटल्यांत ज्यूरीचा हक्कही नाकारण्यात आला. येथे कोणी बंड केले नव्हते. मतदान झाले होते, विधिमंडळात बहुमत होते आणि कायदा रीतसर संमत झाला होता. उठाव सैन्याने मोडता येतो. रीतसर संमत झालेला अन्याय्य कायदा मोडण्याचे साधन त्या व्यवस्थेत नव्हते. एप्रिल १७८७ मध्ये तयार केलेल्या आपल्या टिपणात मॅडिसन यांनी राज्यांच्या कायद्यांतील अन्याय हा बहुमताच्या राज्यावरच प्रश्नचिन्ह उभे करणारा दोष आहे, असे नमूद केले.

याच्या उलट प्रकारचा एक अनुभवही त्यांच्या गाठीशी होता. व्हर्जिनियात ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या निर्वाहासाठी कर बसविण्याचे विधेयक मांडले गेले, तेव्हा मॅडिसन यांनी १७८५ मध्ये त्याविरुद्ध प्रसिद्ध निवेदन लिहिले. बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा निरनिराळ्या पंथांनी विरोध केल्यामुळे विधेयक मागे पडले आणि जानेवारी १७८६ मध्ये थॉमस जेफरसन यांनी तयार केलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला. कोणताही एक पंथ सर्वांवर भारी नसेल तर सर्वांचे स्वातंत्र्य टिकते, हे येथे दिसून आले. दहाव्या निबंधातील मुख्य युक्तिवाद म्हणजे या अनुभवाला दिलेले सामान्य सिद्धांताचे रूप होय, असे म्हणता येईल.

‘गट’ या संकल्पनेचा अर्थ

मॅडिसन यांच्या मते, समान विकाराने किंवा समान हितसंबंधाने प्रेरित होऊन एकत्र आलेला आणि ज्याचा हेतू इतर नागरिकांच्या हक्कांना अथवा समाजाच्या स्थायी व एकत्रित हिताला बाधक आहे, असा नागरिकांचा समूह म्हणजे गट होय. हा समूह संख्येने लहान आहे की मोठा, याला या व्याख्येत महत्त्व नाही. आपल्याकडे ‘गट’ म्हटले की पक्षातील नाराजांचा किंवा अल्पसंख्येचा समूह डोळ्यांपुढे येतो. मॅडिसन यांच्या व्याख्येनुसार बहुसंख्य समाज हाही गट ठरू शकतो. एखाद्या समूहाला गट ठरविण्याची कसोटी त्याची संख्या नसून दुसऱ्याच्या हक्कांशी असलेले त्याचे वर्तन ही आहे.

गटांची कारणे नष्ट करण्याचे दोनच मार्ग संभवतात : एक तर स्वातंत्र्य नष्ट करणे, किंवा सर्व नागरिकांना एकच मत व एकच हित देणे. पहिला मार्ग रोगापेक्षाही घातक आहे आणि दुसरा अशक्य आहे. मनुष्याची बुद्धी प्रमादशील असून तिचा वापर करण्याचे स्वातंत्र्य आहे, तोवर मतभेद राहणारच. धार्मिक मते, महत्त्वाकांक्षी नेत्यांविषयीची भक्ती, इतकेच नव्हे तर अगदी क्षुल्लक कारणेही माणसांत फूट पाडतात. परंतु मालमत्तेचे विषम वाटप हे गटांचे सर्वांत सार्वत्रिक व टिकाऊ कारण आहे, असे मॅडिसन म्हणतात. धनको आणि ऋणको, जमीनदार, कारखानदार, व्यापारी असे वर्ग प्रत्येक सुधारलेल्या समाजात निर्माण होतातच.

यातून कायदेमंडळाविषयीचा एक मार्मिक मुद्दा निघतो. स्वतःच्या दाव्यात कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु कर्जविषयक कायदा करताना सभागृहात बसलेले सभासद स्वतःच धनको किंवा ऋणको असतात. आयातकर ठरविताना स्वतःच कारखानदार किंवा शेतमालक असतात. म्हणजे कायदा करणे हे पुष्कळदा न्यायदानासारखेच काम असते आणि ते पक्षकारांच्याच हाती असते. शहाणे राज्यकर्ते या हितसंबंधांचा मेळ घालतील, असे म्हणून भागत नाही. कारण सत्तेवर नेहमी शहाणेच असतील याची शाश्वती नसते.

उपाय : प्रतिनिधित्व आणि विस्तार

कारणे नष्ट करता येत नसल्याने परिणामांना आवर घालणे एवढेच हाती राहते. गट अल्पसंख्य असेल तर बहुमताचा नियमच त्याला पराभूत करतो. असा गट कारभारात अडथळे आणू शकेल, पण घटनेच्या आवरणाखाली स्वतःची इच्छा लादू शकणार नाही. गट बहुसंख्य असेल तर मात्र लोकसत्ताक शासनाचे स्वरूपच त्याला साधन पुरविते. म्हणून एकच विकार बहुसंख्यांच्या मनात एकाच वेळी उत्पन्न होऊ नये, किंवा झालाच तर त्यांना संगनमत करणे अवघड जावे, अशी रचना आवश्यक ठरते.

मॅडिसन यांनी ‘प्रजासत्ताक’ ही संज्ञा प्रत्यक्ष लोकशाहीपासून वेगळी करून प्रातिनिधिक शासन या अर्थाने वापरली आहे. प्रतिनिधींमुळे लोकमत गाळून घेतले जाते. मात्र स्थानिक दुराग्रह बाळगणारे लोकही निवडून येऊ शकतात, याची त्यांना जाणीव होती. त्यामुळे त्यांचा खरा भर विस्तारावर आहे. राज्य जितके विस्तृत, तितके त्यातील हितसंबंध विविध. आणि हितसंबंध जितके विविध, तितके दुसऱ्यांचे हक्क हिरावून घेण्याइतके एकजिनसी बहुमत जमणे कठीण.

ही प्रक्रिया वर्गात एका काल्पनिक उदाहरणाने सहज दाखविता येते. शंभर मतदारांचे तीन जिल्हे आहेत असे समजू. पहिला शेतीप्रधान असून तेथे ६० मतदार कर्जबाजारी आहेत. दुसरा बंदराचा आणि तिसरा कारागिरांचा असून त्या प्रत्येकात कर्जबाजारी मतदार १५ आहेत. पहिला जिल्हा स्वतंत्र राज्य असेल तर तेथे कर्जदार सावकारांवर हवा तो कायदा लादू शकतील. तिन्ही जिल्ह्यांचे एक राज्य झाले तर ३०० मतदारांत कर्जदार ९०, म्हणजे ३० टक्के उरतात. आता त्यांना इतरांशी तडजोड करावी लागेल आणि तडजोडीत आपली टोकाची मागणी सोडावी लागेल.

हा विचार त्या काळी रूढ मताच्या विरुद्ध होता. माँतेस्क्यू यांनी १७४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रजासत्ताकाचे क्षेत्र लहान असावे असे प्रतिपादन केले होते. नव्या घटनेचे विरोधक याच मताचा आधार घेत. ‘ब्रूटस’ या टोपणनावाने ऑक्टोबर १७८७ मध्ये लिहिणाऱ्या विरोधकाने म्हटले की एवढ्या विस्तीर्ण देशात प्रतिनिधींना लोकांची स्थिती कळणार नाही आणि लोकांना प्रतिनिधींवर लक्ष ठेवता येणार नाही. डेव्हिड ह्यूम यांनी मात्र १७५२ मधील एका निबंधात मोठे प्रजासत्ताकही स्थिर राहू शकते, असे सुचविले होते. मॅडिसन यांच्यावरील ह्यूम यांच्या या प्रभावाकडे इतिहासकार डग्लस अडेअर यांनी १९५७ मध्ये लक्ष वेधले.

अनुभवाची कसोटी

मॅडिसन यांचा युक्तिवाद त्यांच्याच हयातीत अनेकदा कसोटीला लागला. पहिली कसोटी राजकीय पक्षांची होती. दूरदूरच्या लोकांना संगनमत करणे अवघड जाईल, या अपेक्षेवर त्यांचा उपाय अवलंबून होता. परंतु हॅमिल्टन यांच्या आर्थिक धोरणांना विरोध करण्यासाठी स्वतः मॅडिसन व जेफरसन यांनीच १७९१ नंतर देशव्यापी पक्ष उभारला आणि त्याच्या प्रचारासाठी फिलाडेल्फियात वृत्तपत्र सुरू होण्यास साहाय्य केले. पक्षसंघटना व वृत्तपत्रे यांनी अंतराचा अडसर बराच कमी केला. विस्तारामुळे मिळणारे संरक्षण दळणवळणाच्या साधनांबरोबर घटत जाते, हा यातून निघणारा निष्कर्ष आजच्या समाजमाध्यमांच्या काळात अधिकच विचारात घेण्याजोगा आहे.

दुसरी कसोटी मूलभूत हक्कांची होती. लेखी हक्कांची सनद बहुमताला रोखू शकेल काय, याविषयी मॅडिसन प्रथम साशंक होते. तरीही ८ जून १७८९ रोजी त्यांनीच प्रतिनिधिगृहात दुरुस्त्या मांडल्या आणि त्यांतून सिद्ध झालेल्या दहा दुरुस्त्या १७९१ मध्ये घटनेचा भाग झाल्या. सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि ज्यूरीचा हक्क यांवर राज्यांनाही गदा आणता येऊ नये, अशी त्यांची एक सूचना होती. सर्व दुरुस्त्यांत ती त्यांना सर्वाधिक मोलाची वाटत होती. प्रतिनिधिगृहाने ती मान्य केली, परंतु सिनेटने फेटाळली. चौदावी दुरुस्ती १८६८ मध्ये झाली आणि तिच्या आधारे राज्यांवर असे बंधन घालण्यास सर्वोच्च न्यायालयाने विसाव्या शतकात सुरुवात केली.

तिसरी आणि सर्वांत कठोर कसोटी गुलामगिरीची होती. १७९० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ७ लाख माणसे गुलामीत होती. वर्णभेद हा जुलमाचा आधार झाला आहे, हे मॅडिसन यांनी ६ जून १७८७ रोजी घटना परिषदेत स्पष्टपणे सांगितले होते. तरीही ते स्वतः गुलामांचे मालक होते आणि दहाव्या निबंधात गुलामांचा विचार नाही. ज्यांना नागरिक म्हणून मोजलेच जात नाही, त्यांच्या संरक्षणासाठी हितसंबंधांची विविधता काहीच करू शकत नाही. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीने वर्णाच्या आधारे मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. परंतु दक्षिणेकडील राज्यांनी पुढे निरनिराळ्या अटी घालून कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवले आणि परिणामकारक संघराज्यीय कायदा होण्यास १९६५ हे वर्ष उजाडावे लागले. स्थानिक जुलमाविरुद्ध संरक्षण अखेर विस्तृत क्षेत्राकडून आले, एवढ्यापुरते मॅडिसन खरे ठरले; परंतु तत्पूर्वी सुमारे शतकभर त्याच विस्तृत क्षेत्राने तो जुलूम चालू दिला, हेही तितकेच खरे.

अभ्यासकांनीही या निबंधावर आक्षेप घेतले आहेत. चार्ल्स बिअर्ड यांनी १९१३ मध्ये घटनेमागील आर्थिक हितसंबंधांचे विश्लेषण करताना याच निबंधावर भर दिला. शेतकऱ्यांची कर्जमाफीची मागणी ‘गटाची’ आणि सावकाराचे येणे मात्र ‘हक्क’, असे का मानावे, हा प्रश्न त्यानंतर टाळता येत नाही. रॉबर्ट डाल यांनी १९५६ मध्ये दाखविले की कोणते बहुमत जुलमी आणि कोणते न्याय्य, हे ठरविण्याची निश्चित कसोटी मॅडिसन देत नाहीत.

बदलते बहुमत आणि जन्मजात बहुमत

या आक्षेपांपेक्षाही मुळाशी जाणारा मुद्दा डॉ. आंबेडकर यांच्या लेखनातून पुढे येतो. १९४७ मधील आपल्या निवेदनात त्यांनी भारतातील बहुमत राजकीय नसून जातीय असल्याचे दाखविले. डिसेंबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषावार राज्यांविषयीच्या पुस्तकात त्यांनी हाच भेद पुन्हा मांडला. राजकीय बहुमत मतांमुळे बनते. आजचा विरोधक उद्या त्यात सामील होऊ शकतो. जातीय बहुमत जन्माने ठरते. त्याचे दार बाहेरच्याला बंद असते. प्रत्येक प्रदेशात जमीन बाळगणारी एक मोठी जात आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या लहान जाती, असे सामाजिक चित्र असताना मतदानही त्याच रेषांवर होते, असे त्यांचे निरीक्षण होते.

येथे वरील उदाहरणाकडे पुन्हा वळू. तिन्ही जिल्ह्यांत प्रत्येकी ६० मतदार एकाच समाजाचे आहेत आणि ते मतदानही समाज म्हणूनच करतात, असे मानले तर तिन्ही एकत्र केल्यावर ३०० पैकी १८०, म्हणजे पुन्हा ६० टक्केच होतात. क्षेत्र तिप्पट झाले, पण बहुमत तसूभरही विरले नाही. उलट आता त्याच्या हाती तिप्पट मोठ्या राज्याची सत्ता आली. डॉ. आंबेडकर यांचा तर्क हाच होता. बहुसंख्य समाजाचे बळ एका मोठ्या राज्यात एकवटले तर त्याचा भार अल्पसंख्याकांना असह्य होईल. लहान राज्ये त्या मानाने सुरक्षित. म्हणून त्यांनी मराठी भाषकांसाठी मुंबई शहर तसेच पश्चिम, मध्य व पूर्व महाराष्ट्र अशी चार राज्ये सुचविली. त्याच्या जोडीला दोन किंवा तीन सभासदांचे मतदारसंघ आणि एकत्रित मतदानाची पद्धत असावी, असे त्यांनी म्हटले. या पद्धतीत मतदार आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देऊ शकत असल्याने अल्पसंख्याकांनाही आपला प्रतिनिधी निवडून आणता येतो. पुढे १ मे १९६० रोजी मात्र एकच महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

यावरून मॅडिसन विस्ताराचे आणि आंबेडकर लघुतेचे पुरस्कर्ते होते, असा सरळ निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सादर करताना खेड्याला राज्यव्यवस्थेचा घटक मानण्याची कल्पना डॉ. आंबेडकर यांनी ठामपणे नाकारली आणि व्यक्ती हाच घटक मानला. अगदी लहान क्षेत्रात स्थानिक प्राबल्य किती जाचक होते, याविषयी त्यांचे मत मॅडिसन यांच्याशी जुळते. त्यांची लहान राज्येही मूलभूत हक्कांची हमी देणाऱ्या प्रबळ संघराज्याच्या छत्राखालीच होती. दोघांपुढील प्रश्न एकच होता. समाजाविषयीचे निदान वेगळे असल्याने उपाय वेगळे झाले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. बहुमत ही निर्णय घेण्याची पद्धत आहे. ती न्यायाची हमी नव्हे. गटांचे अस्तित्व हा स्वातंत्र्याचा अटळ परिणाम असल्याने गट दडपण्याचा प्रत्येक प्रयत्न अखेर स्वातंत्र्यालाच बाधक ठरतो. विस्तृत प्रजासत्ताकाचा उपाय गुणकारी आहे, पण त्यासाठी हितसंबंध परस्परांना छेद देणारे आणि बहुमत बदलते असावे लागते. एकच व्यक्ती एका प्रश्नावर बहुमतात आणि दुसऱ्यावर अल्पमतात असते, तेव्हा आज जिंकणाऱ्याला उद्याच्या पराभवाचे भय असते आणि हेच भय त्याला संयम शिकविते. जेथे बहुमत जन्माने ठरते तेथे हे भयच उरत नाही. अशा ठिकाणी क्षेत्र वाढवून काहीच साधत नाही. हक्कांची हमी, स्वतंत्र न्यायालये, निवडणूक पद्धतीची योग्य रचना आणि सामाजिक विषमतेचे निर्मूलन यांचीच गरज असते.

म्हणून एखाद्या प्रजासत्ताकाचे आरोग्य तपासताना बहुमत कोणाचे आहे एवढेच विचारून थांबता येत नाही. ते बहुमत बदलू शकते काय आणि आज पराभूत झालेल्यास उद्या त्यात प्रवेश मिळू शकतो काय, हेही विचारावे लागते. दहाव्या निबंधाचे अध्यापन करताना हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तर अमेरिकेतील एका जुन्या वादाचा पाठ त्यांना स्वतःच्या समाजाकडे डोळसपणे पाहण्याचे साधन ठरेल.